लिनक्स-बीएसडीवर साउंड कार्ड : काय अडतं, काय चालतं (अनुभव धागा)

मशीनवर लिनक्स किंवा बीएसडी (फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी वगैरे युनिक्स घराण्यातल्या ऑपरेटिंग सिस्टिम) चढवलं, सगळं चालतं, फक्त आवाज नाही. अशा वेळी काय तपासायचं ते लिहा. कमांड आणि फाइलचं नाव द्या. ‘पुन्हा इन्स्टॉल करून बघा’ हा सल्ला नको.

रातपाळी : पहिली कमांड ‘एप्ले -एल’ (एल लहान लिपीतला), ती साउंड कार्डांची यादी देते. यादीत कार्डच नसेल तर मिक्सरशी झटापट करून उपयोग नाही, ड्रायव्हर नाहीतर फर्मवेअर (कार्डाच्या चिपमध्ये चढवायचा प्रोग्रॅम) शोधा. कार्ड दिसत असेल तर अल्सामिक्सर (टर्मिनलमधला आवाजाचा मिक्सर) उघडा आणि आधी एफ६ दाबा. न दाबता दिसते ती बहुधा पाइपवायरची (प्रोग्रॅम आणि कार्ड यांच्यामधल्या ध्वनी-सेवेची) पट्टी असते, खऱ्या कार्डाचे चॅनल एफ६ नंतरच येतात. पट्टीखाली ‘एमएम’ असेल तर चॅनल म्यूट आहे. एम दाबलं की तिथे ‘००’ येतं. मास्टर शंभरावर आणि स्पीकर म्यूट, हा प्रकार फार आढळतो. ‘ऑटो-म्यूट मोड’ही बघा. तो चालू असेल आणि जॅकला आत हेडफोन आहे असं वाटत असेल, तर स्पीकर गप्पच राहणार. जॅक खराब असेल तर हेडफोन काढल्यावरही.

टर्मिनलवाला : एप्लेच्या यादीत कार्ड नाही आणि सेटिंगमध्ये नुसतं ‘डमी आउटपुट’? अलीकडच्या इंटेल लॅपटॉपवर एसओएफ (साउंड ओपन फर्मवेअर) नसण्याची शक्यता जास्त. डेबियनवर पॅकेज ‘फर्मवेअर-सॉफ-साइन्ड’, आर्चवर ‘सॉफ-फर्मवेअर’. टाका, रीबूट करा. ‘डीएसपी_ड्रायव्हर=१’ (डीएसपी म्हणजे आवाजावर प्रक्रिया करणारी चिप; ती टाळून जुना ड्रायव्हर वापरायला लावणारा ‘एसएनडी_इंटेल_डीएसपीसीएफजी’ मॉड्यूलचा पर्याय) हा उपाय सर्रास सुचवला जातो. त्याने स्पीकर वाजतात, पण आतला माइक जातो, कारण तो डीएसपीलाच जोडलेला असतो. मीटिंगच्या दिवशी कळतं मग!

भुंगा : गाणं सुरू होताना ‘टक्’ होत असेल तर कार्ड झोपेतून उठतंय. /ईटीसी/मॉडप्रोब.डी/ मध्ये एक फाइल करून ‘ऑप्शन्स एसएनडी_एचडीए_इंटेल पॉवर_सेव्ह=०’ लिहा. टीएलपी (लॅपटॉपची बॅटरी वाचवणारा प्रोग्रॅम) असेल तर ते ही किंमत परत बदलतं, तेव्हा त्याच्या कॉन्फिगमध्येही शून्य करा. बॅटरी किंचित जास्त जाते.

रातपाळी : भुंगा, +१. टीएलपीचं बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

मूषकराज : फ्रीबीएसडीवर ‘कॅट /डेव्ह/एसएनडीस्टॅट’. पीसीएम०, पीसीएम१ अशी यादी येते. ‘डिफॉल्ट’ हा शब्द एचडीएमआयच्या ओळीत असेल तर आवाज मॉनिटरकडे चाललाय. स्पीकरचा क्रमांक ३ असेल तर ‘सिसीटीएल एचडब्ल्यू.एसएनडी.डिफॉल्ट_युनिट=३’; कायमचं हवं असेल तर तीच ओळ /ईटीसी/सिसीटीएल.कॉन्फ मध्ये. चालू ब्राउझर जुनंच डिव्हाइस धरून बसतो, तो बंद करून उघडा.

शेवगा : ओपनबीएसडीवर माइकमधून नुसती शांतता रेकॉर्ड होते. बिघाड नाही, सुरक्षेसाठी मुद्दाम तसं ठेवलंय. ‘सिसीटीएल कर्न.ऑडिओ.रेकॉर्ड=१’ करा, काम झालं की परत ०.