शेडात करवत मशीन घ्यायची आहे. लाइन जाते-येते, घरात लहान पोरं आहेत, कोणती घ्यावी?

काळीमाती
राम राम मंडळी. दारव्ह्याजवळच्या खेड्यात राहतो, शेती करतो. घरामागच्या टिनाच्या शेडात फावल्या वेळात लाकूडकाम करून राहिलो आहे. आतापर्यंत हातकरवत, रंधा, पटाशी यावर भागलं. आता चार खिडक्यांच्या चौकटी, एक दिवाण आणि आईसाठी देवघर करायचं आहे. बांधावरचं बाभूळ आणि कडुनिंब दोन वर्षांपासून वाळत पडलं आहे, थोडं सागवान आहे.

बजेट १५,००० च्या आत. दुकानदार म्हणतो, मार्बल कटर घ्या, त्यालाच लाकडाचं पातं लावा, सगळे तेच करतात. मित्र म्हणतो, तोच कटर प्लायखाली उलटा बसवला की टेबल सॉ, म्हणजे टेबलातून पातं वर निघणारी करवत, तयार. पण माझी पोरं ६ आणि ९ वर्षांची, दिवसभर शेडात येणं-जाणं असतं. सिंगल फेज आहे, संध्याकाळी बल्ब पिवळा पडतो. बोटं शाबूत राहून काम होईल असं काही सांगा.

सागवान
भाऊ, मार्बल कटर लाकडाले लावू नका. २२ वर्षं सुतारकी करतो, म्हणून हात जोडून सांगतो.

तो कटर फरशीसाठी आहे. मिनिटाला १२,०००-१३,००० फेरे, आणि पात्याचा खालचा भाग उघडा. फरशीचं पातं घासत जातं, लाकडाच्या पात्याला दात असतात, ते पकडतात. वाळलेल्या बाभळीत गाठ आली की कटर उलटा अंगावर येतो. माझ्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी ७ टाके आहेत ते यानंच. सागाची पट्टी एका हातानं धरली होती, दुसऱ्या हातात कटर. चिरलेली फट मिटली, पातं आवळलं गेलं आणि कटर उडाला. केव्हा लागलं ते कळलंच नाही, पट्टीवर रक्त दिसलं तेव्हा समजलं.

तुमच्या कामाले ७ इंची सर्क्युलर सॉ, म्हणजे गोल पात्याची हातात धरायची करवत, घ्या. फेरे साधारण ५,०००-५,५००, काटकोनात ६५ मिमीच्या आसपास खोल जाते, म्हणजे चौकटीचं लाकूड एका फेरीत. बॉशची जीकेएस १९० किंवा मकिताची एचएस ७६००, दोन्ही चालतात. कंपनीपेक्षा दुकानात एक गोष्ट तपासा. मशीनचा प्लग काढलेला ठेवून खालचं गार्ड, म्हणजे पात्यावरचं सरकतं झाकण, बोटानं मागं ओढा आणि सोडा. टक् करून जागेवर आलं पाहिजे. रेंगाळलं तर ती मशीन परत द्या. घरी आणल्यावरही रोज काम सुरू करायच्या आधी हेच करा, कारण डिंक आणि भुसा साचून ते अडकतं. आमच्याकडचे बरेच जण गार्ड तारेनं वर बांधून ठेवतात, काम लवकर होते म्हणून. तसं कधीच करू नका.

पातं लाकडाखाली ५-६ मिमीच निघेल एवढीच खोली लावा. रेषेत चिरायला २४ दाती, आडवं कापायला आणि प्लायला ४० दाती. लाकूड दोन सी-क्लॅम्पनं बांधा म्हणजे दोन्ही हात मशीनवर राहतात. कापून पडणारा तुकडा मोकळा पडू द्या, त्याच्याखाली टेकू दिला तर फट मिटते. आणि पात्याच्या सरळ मागं उभं राहू नका, थोडं बाजूला.

गोंदियाची_लेक
सागवानदादांचं बरोबर आहे, पण पहिली मशीन म्हणून मी जिगसॉ सांगेन. माझे बाबा सुतार होते, त्यांनी मला हातात पहिल्यांदा जिगसॉच दिली. पातं लहान, वर-खाली चालतं, लाकूड मागं फेकत नाही. देवघराची कमान, नक्षी, प्लायचे तुकडे सगळं होतं. जाड बाभळीत मात्र पातं खाली तिरपं जातं, तिथं तिच्याकडून अपेक्षा ठेवू नका.

चौकटीच्या लांब फाळक्या घरी चिरूच नका. गावाजवळच्या आरामशीनवर मापाच्या करून आणा, घरी फक्त लांबी कापा आणि रंधा मारा. सगळ्यात जोखमीचं काम तुमच्या शेडातून बाहेर जातं. गोल लाकूड चिरायची मशीन घरी लावायचा विचार असेल तर त्याला वनविभागाचा परवाना लागतो, हेही लक्षात ठेवा.

नवा_हौशी
बोट लागलं की आपोआप थांबते अशी टेबल सॉ असते ना?

वायरमन
असते, सॉस्टॉप. पात्यावर बारीक विद्युत संकेत असतो, अंग लागलं की साधारण ५ मिलिसेकंदात ॲल्युमिनियमचा ठोकळा दातांत घुसतो. मग ठोकळ्याचं काडतूस आणि बहुतेक वेळा पातंही बदलावं लागतं. ओल्या लाकडालाही अंग समजून ती उगाच थांबू शकते. १५,००० च्या बजेटात तिचा विषयच नाही.

काळीमाती भाऊ, तुमच्या प्रश्नातला मोठा धोका अजून कोणी बोललं नाही. तो लाइनचा आहे.

मी स्वतः उलटा कटर बसवला होता. तसं केलं की ट्रिगर हाताखाली राहत नाही, म्हणून तो लॉक करून किंवा पट्टीनं आवळून ठेवतात आणि भिंतीच्या बटणावरून चालवतात. एकदा काम चालू असताना लाइन गेली. मी बटण बंद न करता चहाला घरात गेलो. माझा पोरगा प्लायवरचा भुसा हातानं झाडत होता. लाइन आली. मी पात्याचा आवाज ऐकला आणि कप टाकून धावलो. पोरगा दोन इंचावर हात धरून थिजून उभा होता. त्या संध्याकाळीच मी ते टेबल मोडलं.

म्हणून हातात धरायची, ट्रिगर सोडला की बंद होणारीच मशीन घ्या. ट्रिगर दाबायच्या आधी अंगठ्यानं दुसरं बटण दाबावं लागतं अशी असेल तर पोरांसाठी आणखी बरी. लाइन गेली की आधी प्लग काढायचा, मग बाकी सगळं.

पुढं टेबल सॉ घेतलीच तर तिला विहिरीवरच्या मोटारीसारखा डीओएल स्टार्टर लावा. त्यातली नो-व्होल्ट कॉइल लाइन गेली की सुटते, हिरवं बटण पुन्हा दाबल्याशिवाय मोटार फिरत नाही. पंपाला आपण ऑटो लावतो, रात्री लाइन आली की पाणी सुरू व्हावं म्हणून. करवतीला ऑटो लावायचा नाही. टेबल सॉला पात्यामागं रायव्हिंग नाइफ, म्हणजे फट उघडी ठेवणारी पोलादी पट्टी, नसेल तर तीही घेऊ नका.

बल्ब पिवळा पडत असेल तेव्हा मशीन चालवू नका. पातं मंद होऊन लाकडात अडकतं, मोटार तापते. शेडापर्यंत २.५ चौरस मिमी तांब्याची वायर ओढा, १६ अँपिअरचा सॉकेट आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, लावा.

काळीमाती
सगळ्यांचे मनापासून आभार. उलट्या कटरचा विचार सोडला. आधी जिगसॉ, दिवाळीनंतर सर्क्युलर सॉ. फाळक्या आरामशीनवर चिरून आणतो. एकच विचारायचं राहिलं, मशीन शेडात ठेवली तर पोरांच्या हाती लागेल, कुठं ठेवता?

गोंदियाची_लेक
बाबा पातं काढून पत्र्याच्या पेटीत कुलपात ठेवायचे आणि मशीन वेगळ्या खुंटीवर. चावी कमरेच्या करगोट्याला. मीही पातं वेगळंच ठेवते.

सागवान
आणि पातं बदलाची चावी मशीनच्याच वायरीले प्लगजवळ बांधून ठेवा. प्लग काढल्याशिवाय चावी पात्यापर्यंत पोचत नाही.