आधी शेड, मग स्कॉटलंड

बागेतली जुनी शेड दुरुस्त करावी की बदलावी, असं विचारलंत. तळाच्या फळ्या कुजल्या असतील तर डागडुजीत पैसे घालू नका. आमच्या शेडला स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर भिजलेल्या बिस्किटात बोट जावं तसा आत गेला! आधीच्या मालकाने ती थेट मातीवर ठेवली होती. खालून हवा नाही आणि वरून इंग्लंडचा पाऊस, मग काय होणार? नवीन शेडसाठी आम्ही फरश्या समपातळीत बसवल्या आणि त्यावर लाकडी ओंडके आडवे टाकले. कुंपणापासून २ मीटरच्या आत असेल, तर उंची २.५ मीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर परवानगीचं लचांड मागे लागतं. आणि हो, छपराला १९९९ पूर्वीचे सिमेंटचे पन्हाळी पत्रे असतील तर हातोडा घालू नका. त्यात ॲस्बेस्टॉस (फुफ्फुसांना घातक तंतू) असू शकतं, स्थानिक कौन्सिलला विचारा.

आता स्कॉटलंडच्या सहलीचं. नॉर्थ कोस्ट ५०० हा उत्तर स्कॉटलंडला गाडीने वळसा घालणारा रस्ता जरूर करा. इन्व्हरनेसहून निघून परत तिथेच, साधारण ८३० किलोमीटर. आम्ही सहा दिवसांत उरकायला गेलो, तो मूर्खपणा होता. ॲपलक्रॉसचा घाट ६२६ मीटरपर्यंत चढतो, रस्ता एकाच गाडीपुरता. समोरून कॅम्परव्हॅन आली की मुकाट्याने रिव्हर्स. बायको म्हणाली, "आंबेनळीच की हा, फक्त माकडं नाहीत."

माकडं नव्हती, पण संध्याकाळी चिलटं होती. तंबूत पळावं तर तो वर्षभर त्याच गळक्या शेडमध्ये पडलेला. उलगडला आणि बुरशीच्या वासाने सगळे पुन्हा चिलटांत!