लांब शॉट म्हणजे कला आणि कट म्हणजे धंदा? मला ही वाटणी मान्य नाही

रीळवेडा

युरोपातला किंवा इराणचा सिनेमा म्हटलं की सरसावून बसायचं आणि अमेरिकन म्हटलं की 'करमणूक आहे, ठीक आहे' म्हणून हात झटकायचे, ही सवय आपल्याकडच्या सिनेरसिकांत चांगलीच मुरली आहे. त्यात एक मोजपट्टी सर्रास वापरली जाते: शॉट (कट न करता सलग घेतलेला तुकडा) जितका लांब, तितका दिग्दर्शक थोर. मला ही मोजपट्टीच खोटी वाटते. कट लपवण्यात अमेरिकन सिनेमानं जेवढी अक्कल खर्च केली आहे, तेवढी महोत्सवांतून फिरणाऱ्या कित्येक संथ चित्रपटांत शोधून सापडत नाही.

'जॉज' (१९७५) मधला किनाऱ्यावरचा प्रसंग घ्या. पोलीसप्रमुख ब्रॉडी वाळूत बसून पाण्यावर नजर ठेवून आहे. शार्क आहे हे त्याला माहीत आहे, बाकीच्यांना नाही. कॅमेऱ्यासमोरून पोहायच्या कपड्यातलं कुणीतरी आडवं जातं, क्षणभर सगळी चौकट त्या अंगानं झाकली जाते, आणि ते माणूस सरकतं तेव्हा ब्रॉडी आधीपेक्षा जवळ आलेला असतो. पुन्हा कुणी आडवं जातं, ब्रॉडी आणखी जवळ. कट त्या अंगांच्या आड दडवलेले आहेत. शिवाय हीच माणसं ब्रॉडीच्याही नजरेआड येताहेत, त्याला पाणी दिसू देत नाहीयेत. म्हणजे एकच युक्ती आपल्याला त्याच्याजवळ नेते आणि त्याची घालमेल आपल्या अंगात उतरवते.

मग हल्ला होतो आणि तो प्रसिद्ध शॉट येतो: ट्रॉली (कॅमेऱ्याची गाडी) पुढे, झूम मागे. चेहरा तेवढाच राहतो आणि मागचा किनारा लांब पळतो. करायला हे महाकठीण. कॅमेऱ्याचं चेहऱ्यापासूनचं अंतर निम्मं झालं की लेन्सची फोकल लेंथही (ती जितकी मोठी तितकं चित्र जवळचं) त्याच क्षणी निम्मी व्हायला हवी. ट्रॉली ढकलणारा आणि झूम फिरवणारा यांची लय जरा चुकली तर चेहरा फुगतो किंवा आक्रसतो, आणि प्रेक्षकाचं लक्ष भीतीवरून कॅमेऱ्यावर जातं. फोकस पुलरला, म्हणजे फोकस सांभाळणाऱ्याला, तेवढ्याच वेळात फोकसही खेचायचा असतो.

माझी कसोटी साधी आहे. शॉट सुरू झाला तेव्हा काय होतं, संपला तेव्हा काय बदललं? एखादा माणूस शेताच्या बांधावरून तीन मिनिटं चालत ठिपका होईपर्यंत जातो आणि त्यातून 'तो एकटा आहे' एवढंच कळतं, तर ते पहिल्या वीस सेकंदांत कळलेलं असतं. उरलेला वेळ मी दिग्दर्शकाला का द्यायचा?

तिसरी रांग

तीव्र असहमत. 'जॉज'बद्दल नाही, तुमच्या कसोटीबद्दल.

शांताल आकेरमान या दिग्दर्शिकेचा 'जान डीलमान' (१९७५) घ्या. २०१ मिनिटं. ब्रसेल्समधली एक विधवा, तिचे तीन दिवस. स्वयंपाक, भांडी, मुलाचं जेवण, आणि दुपारी घरी येणारं एक गिऱ्हाईक. कॅमेरा समोरासमोर, स्थिर. क्लोजअप नाही, बोलणाऱ्यावरून ऐकणाऱ्यावर कट नाही. पहिल्या दिवशी ती दिवा मालवूनच खोली सोडते, पैसे जेवणाच्या टेबलावरच्या सूपच्या भांड्यात टाकते आणि झाकण ठेवते. तुमच्या कसोटीवर या सगळ्या शॉटमध्ये 'काहीच बदलत नाही'.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक जास्त वेळ थांबतं आणि गॅसवरचे बटाटे जास्त शिजतात. ती पातेलं हातात घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर जाते, परत येते, कुठे ठेवावं सुचत नाही. भांड्यावरचं झाकण ठेवायचं राहून जातं. मग नवे बटाटे आणून ती टेबलाशी सोलायला बसते, आणि तो शॉट नुसता बघत राहायचा: सुरी अडते, हात थबकतो, पुन्हा झपझप चालू लागतो. घरात काहीतरी मोडलंय हे कुणीही तोंडानं सांगत नाही. तरी आपण खुर्चीत ताठ होतो, कारण पहिल्या दिवसाच्या त्या 'निरर्थक' तासाभरानं या घराची शिस्त आपल्या अंगवळणी पाडलेली असते. तो तास चाळीस सेकंदांच्या माँटाजमध्ये, म्हणजे भराभर जोडलेल्या तुकड्यांत, कोंबला असता तर न ठेवलेलं झाकण दिसलंच नसतं.

बदल शॉटमध्येच व्हायला हवा हा तुमचा हट्ट आहे. इथे बदल बघणाऱ्याच्या नजरेत होतो, आणि त्याला तेवढा वेळ लागतो.

सांधा

दोघांच्याही बोलण्यात कामाचा भाग राहून जातोय.

दोन माणसं टेबलाशी बोलताहेत. अमेरिकन स्टुडिओंनी रुळवलेली पद्धत: आधी मास्टर (दोघं एकत्र दिसणारा मोठा शॉट), मग दोन्ही बाजूंची सजेशन (एकाच्या खांद्यावरून दुसरा), मग दोघांचे क्लोज, शेवटी कपाचा किंवा हाताचा इन्सर्ट (वस्तूचा जवळून शॉट). सगळे शॉट दोघांना जोडणाऱ्या रेषेच्या एकाच बाजूनं. रेषा ओलांडली की दोघंही एकाच दिशेला बघताना दिसतात आणि तो शॉट संकलनाच्या टेबलावर जुळत नाही. एकाच माणसाचे लागोपाठचे दोन शॉट सुमारे ३० अंशांनी तरी वेगळे हवेत, नाहीतर चित्र उडी मारतं.

या कव्हरेजमुळे (एकच प्रसंग अनेक कोनांतून टिपल्यामुळे) तिसऱ्या टेकमधलं, म्हणजे तिसऱ्या खेपेतलं, वाक्य आणि पाचव्यामधलं मौन जोडता येतं. रेंगाळलेला संवाद ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जाऊन गाळता येतो. किंमतही आहे: दर कोनाला लाइटिंग बदलायचं, नटानं तोच घोट त्याच शब्दावर घ्यायचा. पेला एका शॉटमध्ये भरलेला आणि पुढच्यात अर्धा, ही चूक त्यातूनच येते.

सलग शॉटमध्ये यातली एकही सोय नाही. पाच मिनिटांच्या शॉटमध्ये चौथ्या मिनिटाला फोकस गेला तर आधीची चार मिनिटंही गेली. लय सेटवरच गोठते, नंतर बदलता येत नाही. शिवाय फिल्मची स्वतःची मर्यादा: सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगानं ३५ मिमी फिल्म मिनिटाला ९० फूट जाते, म्हणजे १००० फुटी रीळ जेमतेम ११ मिनिटं. हिचकॉकनं 'रोप' (१९४८) मध्ये म्हणूनच कॅमेरा माणसाच्या पाठीवर नेऊन काही जोड लपवले.

रशियन दिग्दर्शक तारकोव्स्कीच्या 'द सॅक्रिफाइस' (१९८६) मध्ये घर जळतं तो शॉट सुमारे सहा मिनिटांचा. स्वेन नीक्विस्ट छायाचित्रकार, जागा स्वीडनचं गोटलंड बेट. पहिल्या खेपेला एकच कॅमेरा होता. घर पेटलं आणि कॅमेरा अडकला. आग थांबवता येत नाही. अख्खं घर पुन्हा उभारावं लागलं, आणि दुसऱ्या खेपेला रुळांवर दोन कॅमेरे लावले. लांब शॉट हा आळस, असं म्हणणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं.

रीळवेडा, कट अमेरिकेचा आणि लांब शॉट बाहेरचा ही तुमची वाटणी तुमच्याच अमेरिकेत मोडते. ऑर्सन वेल्सच्या 'टच ऑफ इव्हिल' (१९५८) ची सुरुवात: एक हात बॉम्बचं घड्याळ लावतो, बॉम्ब गाडीच्या डिकीत जातो, क्रेन छपरांवरून उठते, गाडी कधी चौकटीत, कधी बाहेर, कधी पायी चाललेल्या नवरा-बायकोच्या अगदी शेजारी. सुमारे ३ मिनिटं २० सेकंद, एकही कट नाही. इथे कट केला असता तर प्रेक्षकाला वाटलं असतं की मधला थोडा वेळ गाळला असेल. कट नाही, म्हणून शॉट हेच बॉम्बचं घड्याळ. स्फोट दिसतो तो कटनंतर. सीमेवरच्या अधिकाऱ्याचं काम करणारा नट वाक्य विसरायचा, म्हणून टेकवर टेक झाले, आणि चित्रपटात राहिलेल्या टेकमध्ये क्षितिजावर पहाट फुटताना दिसते.

पांढरा पडदा

रीळवेडा यांनी १९७५ सालचं उदाहरण निवडलं, हे त्यांच्या सोयीचं आहे. आजची अमेरिकन पडझड त्यात दिसत नाही. चित्रपट-अभ्यासक डेव्हिड बोर्डवेल यांनी मोजून दाखवलं की १९३० ते १९६० या काळात हॉलिवुडच्या बहुतेक चित्रपटांत शॉटची सरासरी लांबी ८ ते ११ सेकंद होती. पुढे ती घसरत गेली. 'द बोर्न अल्टिमेटम' (२००७) मध्ये ती सुमारे २ सेकंदांवर आली आणि त्याला संकलनाचं ऑस्करही मिळालं. मारामारीत कुणाचा हात कुणाला लागला हे कळत नाही. कॅमेरा हलतोय, माणूस हलतोय आणि वर कट. डोळ्याला चौकटीत नवी जागा शोधायला जेवढा क्षण लागतो, तेवढाही मिळत नाही.

रीळवेडा

@पांढरा पडदा, दोष वेगाचा नाही, नजर कुठे सोडली त्याचा आहे. 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' (२०१५) मध्ये १२० मिनिटांत सुमारे २७०० शॉट आहेत, म्हणजे सरासरी पावणेतीन सेकंदांच्याही आत. तरी प्रत्येक धक्का वाचता येतो. कारण छायाचित्रकार जॉन सील यांच्या तुकडीला महत्त्वाची गोष्ट चौकटीच्या मधोमध ठेवायची सक्त सूचना होती. कट झाला तरी डोळा तिथेच असतो, शोधाशोध नाही. संकलक मार्गारेट सिक्सेल यांनी पुढचा शॉट त्याच जागी आणून बसवला. ही संथ सिनेमाइतकीच कडक शिस्त आहे.

@तिसरी रांग, झाकणाचा मुद्दा पटला. 'शॉटमध्ये काय बदललं' याऐवजी 'हा शॉट काढला तर पुढचं काय कोसळेल' असं विचारायला हवं होतं. तेवढं मागे घेतो. पण 'जान डीलमान' या नव्या कसोटीवरही उतरतो म्हणून त्याच्यासारखा दिसणारा प्रत्येक चित्रपट उतरत नाही. आकेरमाननं कॅमेरा स्थिर ठेवला, कारण शिस्त हाच तिचा विषय होता. तोच स्थिर कॅमेरा प्रवासाच्या, प्रेमाच्या, युद्धाच्या गोष्टीला जसाच्या तसा लावणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा घालणं.

तिसरी रांग

'फ्युरी रोड'चा दिग्दर्शक जॉर्ज मिलर ऑस्ट्रेलियन, सील आणि सिक्सेलही ऑस्ट्रेलियात काम करून पुढे आलेले. पैसा वॉर्नर या हॉलिवुड स्टुडिओचा असला तरी तो चित्रपट अमेरिकेच्या खात्यावर घालू नका.

बाकी, कोसळण्याची कसोटी मान्य. तिच्यावर आपल्याच भाषेतला चित्रपट तपासू. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४), व्हेनिस महोत्सवात ओरिझोंती विभागाचं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पारितोषिक मिळवलेला. शेवटी न्यायालयाला सुट्टी लागते, खोली रिकामी होते, दिवे बंद होतात आणि पडदा काळा राहतो. इतका वेळ राहतो की चित्रपट संपला असं वाटतं. मग न्यायाधीश सहलीला गेलेले दिसतात, बाकावर डुलकी घेताहेत, पोरं ओरडून त्यांना उठवतात, ते एकाला थप्पड मारतात आणि पुन्हा डोळे मिटतात. तो काळोख दोन सेकंदांचा केला असता तर ही सहल म्हणजे कथेचा पुढचा प्रसंग झाली असती. आता ती निकालानंतरचा निकाल वाटते.

उंबरठा

अमेरिकन विरुद्ध आर्ट-हाउस (कलात्मक, महोत्सवी) या जोडीलाच माझा आक्षेप आहे. केली रायकार्ट ही दिग्दर्शिका अमेरिकन आहे. तिच्या 'मीक्स कटऑफ' (२०१०) मध्ये ओरेगॉनच्या वाळवंटातून बैलगाड्या चालल्या आहेत आणि चौकट जवळजवळ चौरस, १.३७:१ (रुंदी उंचीच्या १.३७ पट). वेस्टर्न (अमेरिकेच्या जुन्या पश्चिमेच्या गोष्टींचा चित्रपट) म्हणजे आडवं, पसरलेलं क्षितिज ही सवय तिनं मोडली. डावी-उजवीकडचा मुलूख कापल्यामुळे पुढे काय येणार ते दिसत नाही, आणि टोप घातलेल्या त्या बायकांनाही तेवढंच दिसतं. ही चौकट जुन्या हॉलिवुडच्याच घरातली. मग ही बाई कुठल्या खात्यात घालायची?

पांढरा पडदा

@उंबरठा, पैशाच्या खात्यात बघा. स्टुडिओला प्रेक्षकांसमोरच्या चाचणी प्रयोगानंतर चित्रपट कापता येतो, कारण कव्हरेज हाताशी असतं. 'द ट्यूरिन हॉर्स' (२०११) मध्ये १४६ मिनिटांत ३० शॉट आहेत. दिग्दर्शक बेला तारच्या त्या रिळांतून निर्माता काय कापणार? अख्खा शॉट काढा किंवा राहू द्या. लांब शॉट हा दिग्दर्शकाचा हक्क राखायचा मार्गही आहे.

सांधा

खरं आहे, पण हा हक्क कट वापरूनही राखता येतो. जॉन फोर्ड इतकं मोजकं चित्रण करायचा की टेबलावर दुसरा पर्यायच उरायचा नाही. अमेरिकन स्टुडिओच्या पोटात बसून.

सरासरीच्या आकड्यांवर वाद वाढतोय म्हणून एक सूचना. आकडा स्वतः काढा. चित्रपटाच्या मधली दहा मिनिटं घ्या, श्रेयनामावली वगळा, दर कटला कागदावर एक रेघ मारा. रेघा अधिक एक म्हणजे शॉट. ६०० ला त्या संख्येनं भागा. मग सगळ्यात लांब तीन शॉटच्या वेळा वेगळ्या लिहा, कारण एक सहा मिनिटांचा शॉट आणि शंभर छोटे कट यांची सरासरी दोघांबद्दलही खोटं सांगते. मधला आकडा, म्हणजे लांबीनुसार रांग लावून मधोमध येणारा शॉट, जास्त खरं बोलतो.

दोन ठिकाणी चूक होते. पॅल या टीव्ही पद्धतीच्या जुन्या डीव्हीडी २४ ऐवजी २५ फ्रेमनं पळतात, त्यामुळे २०१ मिनिटांचा 'जान डीलमान' त्यावर १९३ मिनिटांत संपतो. आलेली वेळ ०.९६ नं भागली की मूळ वेळ मिळते. आणि टीव्हीची मोशन स्मूदिंगची सोय आधी बंद करा. ती दोन फ्रेमच्या मध्ये स्वतःच्या फ्रेम घुसवते, आणि त्यात बटाटे सोलणारा हात थबकतो तो क्षण गुळगुळीत होऊन जातो.