वारसाकर, मृत्युकर की संपदा शुल्क?

अनुवादिका: एकाच परिच्छेदात इनहेरिटन्स टॅक्स आणि इस्टेट ड्यूटी दोन्ही आलेत. पहिल्याला 'वारसाकर' केलं, दुसऱ्याला 'मृत्युकर'. संपादक म्हणतात, मृत्युकर भडक वाटतो, दोन्हीकडे वारसाकरच ठेवा. चालेल?

नोंदवही: अजिबात नाही. राज्यघटनेच्या केंद्रसूचीतही नोंदी वेगळ्या आहेत, 87 आणि 88. इस्टेट ड्यूटी मयताच्या एकूण मालमत्तेवर, वारसाकर ज्याच्या त्याच्या वाट्यावर. गंमत ब्रिटनची: नाव इनहेरिटन्स टॅक्स, पण आकारणी एकूण मालमत्तेवर. 3,25,000 पौंडांच्या वर 40 टक्के. मागे 5,25,000 राहिले, तर घराची जादा सूट सोडून कर 80,000. मूल एक असो की चार. जपानमध्ये वारस मोजतात: 3 कोटी येन, शिवाय दर कायदेशीर वारसामागे 60 लाख, एवढी सूट.

दप्तरी: इस्टेट ड्यूटीला 'संपदा शुल्क' लिहा. मृत्युकर म्हटलं की कर मरणावर लागतो असंच वाटतं आणि न्याय-अन्यायाचा निकाल शब्दातच लागून जातो. कर मिळकतीवर आहे.

शुद्धमती: मुळात वारस, वारसा हे अरबीतून आलेले. आपल्याकडे दाय, दायाद, दायभाग असताना 'दायकर' का नको?

दप्तरी: वाटणीला बसलेले भाऊबंद 'वारसा' म्हणतात, 'इस्टेट' म्हणतात. दाय कोणी म्हणत नाही. ज्याला कर भरायचा आहे त्याला शब्द कळायला हवा.

नोंदवही: न्यायाचं म्हणाल, तर आपल्याकडे 1953 च्या कायद्याने हे शुल्क होतंच. पुढे 20 लाखांवरच्या भागाला 85 टक्के दर, तरी वर्षाची वसुली जेमतेम 20 कोटी. शिवाय जिवंतपणी त्याच मालमत्तेवर संपत्ती कर. 16 मार्च 1985 पासून शुल्क बंद. माझ्या मते तत्त्व योग्य होतं, दर चुकला. बापकमाईवर काहीच नाही आणि आपकमाईवर दरवर्षी आयकर, हे पटत नाही.

सातबारा: बापकमाई म्हणजे वडिलोपार्जित नव्हे, हे आधी स्पष्ट करा. वडिलांनी स्वतः घेतलेला, मृत्युपत्राविना गेल्यावर मुलाकडे आलेला फ्लॅट 1956 च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम 8 ने मुलाची स्वतंत्र मालमत्ता होतो. नातू 'वडिलोपार्जित आहे, विकू देणार नाही' म्हणून अडवतो, ते टिकत नाही.

शुद्धमती: वडिलांनी उपार्जित केलेलं ते वडिलोपार्जित. शब्दाचा सरळ अर्थ तोच आहे!

सातबारा: अहो, इथे 'वडील' म्हणजे वाडवडील. त्याहून घातक शब्द ए.कु.मॅ., म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्याच्या नावापुढे तेवढं लिहिलं की धाकटे सातबाऱ्यावर दिसत नाहीत. बहिणींची नावं 'इतर अधिकार' या रकान्यात जातात. त्या पहिल्या वर्गाच्या वारस, त्यांची नावं कब्जेदार, म्हणजे मालकांच्या रकान्यातच हवीत. 3 महिन्यांच्या आत मृत्यूदाखला आणि सगळ्या वारसांचं प्रतिज्ञापत्र तलाठ्याकडे द्या. 6क च्या, म्हणजे वारसांच्या नोंदवहीत एकही नाव सुटलं नाही ना, हे फेरफार मंजूर होण्याआधी बघा.

अनुवादिका: 'इतर अधिकार' की 'इतर हक्क'? उताऱ्यावर दोन्ही पाहिलेत.