'हळू चढवा, बॅटरी वाचेल' हा सल्ला हब मोटरवाल्यांना देऊ नका

घाटवेडा : काल इथे एकाने लिहिलं, 'सिंहगडाला ई-एमटीबी (बॅटरीवरची माउंटन बाइक) ताशी ७-८ किमीच्या वेगाने चढवा, बॅटरी निम्मी वाचते.' त्याखाली माना डोलावणाऱ्यांची रांग. राहवत नाही म्हणून सविस्तर लिहितो, कारण याच सल्ल्यापायी माझी मोटर जाता जाता राहिली.

माझी हब मोटर, म्हणजे मागच्या चाकाच्या मधोमधच बसवलेली; बॅटरी ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तास. गोळेवाडीपासून सल्ल्याबरहुकूम सावकाश निघालो. पाचेक किमीवर उभ्या चढाच्या वळणाला थ्रॉटल (हँडलवरचा मोटरचा अॅक्सिलरेटर) पूर्ण दाबला, आणि डिस्प्लेवर दोन काड्या दिसत असताना सायकल बंद. हबला हात लावला तर चटका बसला, वार्निश जळल्यासारखा वास. दहा मिनिटं कठड्यावर बसलो, सुरू झाली. पुढच्या चढाला पुन्हा तेच. बॅटरीत जीव होता, पण भार आला की व्होल्टेज खाली बसून कटऑफ लागत होता, म्हणजे मोटरचा पुरवठा आपोआप तुटत होता. विक्रेत्याला फोन केला तर म्हणे, तुमचं वजन जास्त. ७८ किलो म्हणजे जास्त?

चढाला लागणारा जोर वजनावर आणि चढावर ठरतो, वेगावर नाही. जोर तोच म्हणजे हबच्या वेटोळ्यातला करंट तोच, सेकंदाला उष्णता तेवढीच. वेग निम्मा केला की वेळ दुप्पट, वाया जाणारी उष्णताही दुप्पट. ती बॅटरीतूनच जाते.

कोथरूडकर : हबचा राग सगळ्यांवर काढू नका. माझी मिड-ड्राइव्ह आहे, म्हणजे मोटर पायडलपाशी. ती साखळीतून गिअरवर चालते, त्यामुळे मागे मोठी चकती टाकली की सायकल ८ ने जाते आणि मोटर आपल्या फेऱ्यांत मजेत फिरते.

सिंहगडाचंच गणित घ्या : सायकलसकट १०० किलो ओझं ६०० मीटर उचलायला १६३ वॅट-तास लागतात, टायरचं घर्षण वेगळं. माझे पाय सलग १०० वॅट देतात. ९ किमीला तासभर लावला तर पायांचे १००, मोटरला उरले ६३. तेच १८ ने गेलो तर अर्धाच तास, पायांचे ५०, मोटरवर ११३. हळू जाण्याने बॅटरी वाचतेच. पाय मारायला नकोत त्यांनी स्कूटर घ्यावी.

पसरणीची_वाट : शेवटचं वाक्य कुणासाठी? माझं वय ५८, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. वाईहून पाचगणीला पसरणी घाटाने थ्रॉटलवर जाते आणि पायाला झेपेल तेवढंच पायडल मारते. सायकल सोडली असती तर घरात बसले असते. तुमचे १०० वॅट तुमच्याकडे ठेवा.

कोथरूडकर : ताई, तुमच्याबद्दल नव्हतं. ते वाक्य मागे घेतो.

सासवडकर : सगळे चढाचंच धरून बसलेत. उतरताना बॅटरी भरते ते कुणी बोलत नाही.

घाटवेडा : कुणाची भरते? गिअरच्या हबमध्ये आत क्लच असतो, उतारावर मोटर फिरतच नाही. मिड-ड्राइव्हमध्ये मागे फ्रीव्हील, चाक मोकळं फिरतं, मोटर नाही. दुकानात 'उतारावर फुकट चार्जिंग' सांगून मलाही सायकल खपवली होती. त्या वाक्यावर माझे पैसे गेलेत, म्हणून चिडतोय.

सासवडकर : माझी हब बिनगिअरची डायरेक्ट-ड्राइव्ह आहे, चाकाबरोबर मोटर कायम फिरते; कंट्रोलर (मोटरचा करंट सांभाळणारा डबा) त्याला जुळणारा. दिवे घाट उतरताना भरते. मीटर लावलाय, ऐकीव सांगत नाही.

कोथरूडकर : आकडा सांगा.

सासवडकर : चढताना ११० वॅट-तास गेले, उतरताना परत ९.

कोथरूडकर : नऊसाठी ते जड हब वर ओढायचं?

सासवडकर : नऊसाठी नाही, ब्रेकसाठी. पूर्वी पावसाळ्यात घाट उतरताना पॅड झिजून लिव्हर हँडलला टेकायचा. आता मोटरच रोखते, दोन पावसाळे एकच जोडी. घाटात उतरणाऱ्याला याची किंमत कळते.

घाटवेडा : ब्रेकचं मान्य. 'भरते' हा शब्द मात्र वापरू नका, नवीन माणूस फसतो.

आणि कोथरूडकर, तुमचं गणित मिड-ड्राइव्हला बरोबर आहे, ते मी आधीच लिहायला हवं होतं. पण परवडणाऱ्या सायकलींत बहुतेक हबच येते. त्यांना सांगायचं तर असं : वेग १२-१४ च्या खाली पडू लागला की थ्रॉटल दाबून धरू नका, पायांनी जोर लावा, नाही जमलं तर उतरून ढकला.

पसरणीची_वाट : ढकलणं मला जमत नाही. मी दत्तमंदिराच्या अलीकडे थांबते, हबवर बाटलीतलं पाणी न ओतता पंधरा मिनिटं निवू देते, मग निघते. अजून एकदाही बंद पडलेली नाही.

घाटवेडा : ताई, किती किमीवर थांबता ते सांगा. रविवारी सिंहगडाला तसंच करून बघतो.