चाचणी खेळणाऱ्या स्वयंसेवकांचे म्हणणे किती मानावे?

प्रश्न

मी एका टेबलटॉप रोलप्लेइंग गेमची (टेबलाभोवती बसून, पात्रांच्या भूमिका घेऊन खेळायच्या खेळाची) नियमावली लिहीत आहे. झुंजीसाठी वीस बाजूंचा फासा वापरला आहे आणि त्यात ‘ताण’ नावाचा एक नियम आहे. फासा टाकण्यापूर्वी खेळाडूने आपल्या पात्रावर एक ताण घेतला, तर त्याला दोन फासे टाकून त्यांतला मोठा आकडा धरता येतो. पाच ताण साठले की पात्र कोसळते. पाच स्वयंसेवकांनी तीन बैठकांत हा खेळ तपासला. नियम मीच समजावून सांगितले आणि गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणाराही, मीच होतो. ताण घेऊन हाती काहीच लागत नाही, तेव्हा दोनाऐवजी तीन फासे द्यावेत, असे सगळ्यांचे मत पडले. मला मात्र हा नियम दुबळा वाटत नाही. त्यांचे ऐकावे, की दुसरा गट शोधावा?

प्रतिसाद १

नियम दुबळा नाही, हे कागदावरच दिसते. ११ किंवा अधिक आकडा हवा असेल, तर एका फाशाने यशाची शक्यता ५० टक्के असते आणि दोन फाशांनी ती ७५ टक्के होते. तरीही आपले स्वयंसेवक खोटे बोलत नाहीत. ताण घेतलेल्या चार वेळांपैकी सरासरी दोनदा पहिल्याच फाशाने काम झाले असते, एकदा दोन्ही फासे फसतात, आणि उरलेल्या एकाच वेळी ताणामुळे निकाल खरोखर बदलतो. म्हणजे खेळाडू चारदा किंमत मोजतो आणि तीनदा ती वाया गेल्यासारखी वाटते.

तीन फासे दिल्यास शक्यता ८७.५ टक्क्यांवर जाईल आणि झुंजीतली धाकधूकच संपेल. त्याऐवजी पहिला फासा फसल्यावर ताण घेऊन तो पुन्हा टाकू द्यावा. एकूण शक्यता तीच, ७५ टक्के, राहते. पण ताण गरज पडेल तेव्हाच खर्च होतो आणि दोनांपैकी एकदा फळतो. अर्थात ताण आता कमी वेगाने साठेल, त्यामुळे पाचाची मर्यादा खाली आणावी लागेल असे मला वाटते. ते मात्र खेळूनच कळेल.

प्रतिसाद २

वरील गणिताशी मी सहमत आहे. स्वयंसेवकाला कुठे खुपते, हे त्याच्याइतके नेमके कोणी सांगू शकत नाही. त्यावरचा उपाय शोधणे हे मात्र नियम लिहिणाऱ्याचे काम आहे. म्हणून ‘काय बदलावे?’ असे न विचारता ‘ताण घ्यावा की नाही, असा विचार शेवटचा केव्हा केलात आणि काय ठरवलेत?’ असे विचारावे.

मला अधिक खटकले ते आपले गेम मास्टर होणे. आपण तोंडी समजावले, की तपासणी आपल्या बोलण्याची होते, लिखाणाची नाही. पुढच्या बैठकीत मसुदा त्यांच्या हाती द्यावा, त्यांच्यापैकीच एकाने खेळ चालवावा आणि आपण गप्प बसून टिपणे घ्यावीत: कोणते पान पुन्हा उघडले गेले, कुठे वाद झाला, कोणता नियम चुकीचा वाचूनही खेळ सुरळीत चालला. (गप्प बसणे भलतेच अवघड जाते, हे अनुभवाने सांगतो.)

प्रतिसाद ३

एक भर घालतो. एका वेळी एकच नियम बदलावा आणि प्रत्येक मसुद्यावर तारीख घालावी. नाहीतर कोण कोणत्या मसुद्याबद्दल बोलत आहे, हेच समजत नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या अशाच रोलप्लेइंग गेमच्या पाचव्या आवृत्तीची जाहीर चाचणी मे २०१२ मध्ये सुरू झाली आणि पुस्तके २०१४ मध्ये आली, मधल्या काळात मसुद्याचे एकामागून एक संच निघाले आणि खेळाडूंची मते प्रश्नावलीतून घेतली गेली. पाच जणांच्या गटाला प्रश्नावलीची गरज नाही, तारखेची मात्र आहे. गट बदलू नये. पण नवा मसुदा कोऱ्या मनाने वाचणारे दोघे-तिघे आणखी मिळाले, तर हवेच आहेत.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. फासा फसल्यावर ताण घेण्याचा नियम लिहिला आहे. मर्यादा सध्या पाचच ठेवतो, म्हणजे एकच गोष्ट बदलेल. पुढच्या बैठकीत खेळ चालवायला एक स्वयंसेवक तयार झाला आहे. मसुदा हाती पडताच त्याने विचारले, की ताण उतरतो केव्हा? ते मी कुठेच लिहिलेले नव्हते.