मदत हवी आहे: सावडीतल्या बैलाला लम्पी, शेजारी कुणाला सांगायला तयार नाहीत

नमस्कार. निपाणी तालुक्यात वेदगंगेकाठी आमचं गाव. ओढा ओलांडला की कागल तालुका, म्हणजे महाराष्ट्र. मालक कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला जातात, त्यामुळे गोठा माझ्या आणि मामांच्या (सासऱ्यांच्या) अंगावर आहे. दोन एचएफ (होल्स्टीन) गाई, त्यातली एक सात महिन्यांची गाभण, एक म्हैस, तीन महिन्यांचं वासरू आणि एक खिलार बैल.

बैल एकच, कारण जोडीतला दुसरा शेजारच्या काकांचा. माझं लग्न व्हायच्या आधीपासून ही सावड आहे. सोयाबीनची कोळपण आधी त्यांच्या रानात, मग आमच्या. दोन्ही बैलांना एकमेकांची इतकी सवय आहे की दुसऱ्याबरोबर जुंपलं तर आमचा पाऊलच टाकत नाही.

कर्नाटकी बेंदराला (बैलांच्या सणाला) दोघांना एकत्र धुतलं, शिंगं रंगवली, कर (सणाचा दोर) तोडायला एकत्रच नेलं. त्यानंतर पाचव्या दिवशी कोळपणीला जुंपले, ते शेवटचं. आठव्या दिवशी काकांनी बैल सोडला नाही. "पायात मुरगळलंय जरा," म्हणाले. दोन दिवसांनी मी ताक द्यायला गेले तर बैल गोठ्याच्या मागं, ताडपत्रीच्या आडोशाला बांधलेला. पुढचा पाय खांद्यापासून सुजलेला, मानेवर आणि पोटावर रुपयाएवढ्या गाठी, नाकातून पाणी. काकूंनी माझा हात घट्ट धरला. "कुणाला सांगू नको गं. दूध घ्यायचं बंद करतील."

त्यांच्या चार गाईंचं दूध म्हणजेच त्यांचं घर. शिवाय बेंदराच्या आधी त्यांनी बाजारातून एक पाडी आणली आहे, तिचं कर्ज डोक्यावर. मला त्यांची भीती कळते. खरं आमचा गोठा त्यांच्या गोठ्यापासून साठ पावलांवर आहे. माशा काय ताडपत्री बघून थांबतात?

काल रात्रभर मी आमच्या बैलाच्या अंगावरून हात फिरवत बसले होते. अजून गाठ नाही, ताप नाही, वैरण खातोय. गेल्या वर्षी गाईंना लस झाली, बैल त्या दिवशी रानात होता म्हणून राहिला. आता लस दिली तर चालेल का, की आत रोग असेल तर उलट त्रास होईल? किती दिवस धोका धरायचा? गाभण गाईचं काय करू? आणि सगळ्यात अवघड म्हणजे, काकांना न दुखावता हे सांगायचं कसं? मी परस्पर दवाखान्यात फोन केला तर सावड तुटेलच, बोलणंही तुटेल. आमच्यात अडीअडचणीला रात्री दार वाजवायचं ते त्यांचंच.

माझं माहेर ओढ्यापलीकडे आहे. तिथं आता महाराष्ट्र बेंदूर येईल. भाऊ दरवर्षी आमचा बैल मिरवणुकीला नेतो. त्याला काय सांगू?

ओढ्यापल्याडचा

ताई, बैल पाठवू नका, भावाला आजच सांगा. दोन बेंदरांत महिन्याचं अंतर असतं, आणि या रोगाचे दिवसही जवळपास तेवढेच धरतात.

२०२२ ला आमच्या गल्लीत असंच झालं. पहिली गाठ आमच्याच गाईला उठली आणि आम्ही दहा दिवस लपवली. दूध काढायला येणारा पोरगा आमच्यातून शेजाऱ्यांच्यात जायचा, तोच कासरा, तीच बादली. गल्लीतल्या तीन घरांत गेला रोग. आमची गाय वाचली, शेजाऱ्यांचं वासरू गेलं. त्या घरासमोरून जाताना आजही माझी मान वर होत नाही. काकांना माझं हे सांगा, नाव न घेता.

शेतकरी_चिकोडी

कायद्याचं सांगतो. २००९ चा जनावरांच्या संसर्गजन्य रोगांचा केंद्रीय कायदा आहे. अनुसूचीतल्या रोगाची शंका आली तरी मालकानं गावच्या अधिकाऱ्याला किंवा पंचायतीला कळवणं बंधनकारक आहे, आणि आजारी जनावर वेगळं बांधणंही. कायदा दोन्ही राज्यांत एकच. तुमच्याकडे पीडीओंना (ग्रामपंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांना) सांगा. अर्ज कन्नडमध्ये लिहायचा असेल तर रोगाचं नाव "चर्मगंटु रोग" असं लिहा. सरळ तक्रार टाका आणि मोकळ्या व्हा.

धाग्याची लेखिका

दादा, कायदा मला पटतो. खरं तक्रार टाकून मी मोकळी होणार नाही. काकांनी स्वतः कळवावं अशी माझी इच्छा आहे. दोन दिवस प्रयत्न करते, त्याहून जास्त थांबणार नाही.

निवृत्त पशुवैद्यक

दोन दिवस थांबा, पण तुमच्या गोठ्यातली कामं आज संध्याकाळीच सुरू करा.

लम्पीचा विषाणू मुख्यतः चावणाऱ्या माशा, डास आणि गोचीड यांच्यामार्फत पसरतो. जनावराची लाळ, नाकातलं पाणी, एकच गव्हाण, एकच पाण्याची टाकी, यांतूनही जाऊ शकतो. तुमचा बैल काकांच्या बैलाच्या खांद्याला खांदा लावून जुंपला गेला आहे, म्हणून तो धोक्यात आहे असंच धरा. लक्षणं साधारण ४ ते १४ दिवसांत दिसतात, पण आम्ही २८ दिवस मोजतो. आणि हे २८ दिवस कोळपणीपासून मोजू नका. शेजारचा बैल आजारी आहे आणि मधे माशा आहेत, तोवर संपर्क चालूच आहे. म्हणूनच काकांनी औषधोपचार, माशांचा बंदोबस्त आणि बैल लांब बांधणं हे सगळं करण्यात तुमचा स्वार्थ आहे. काका गुन्हेगार आहेत म्हणून नव्हे, तुमचे दिवस त्यांच्या गोठ्यातून मोजले जाणार आहेत म्हणून.

तुमचा बैल आजपासून गाईंपासून लांब बांधा. सकाळ-संध्याकाळ थर्मामीटरनं ताप बघा आणि वहीत लिहा, कारण गाठी उठायच्या आधी ताप येतो. गोठ्यातली कामं करताना आधी गाई, मग म्हैस, शेवटी बैल, आणि मग हातपाय धुवून कपडे बदला. सावडीचं जू, कासरा, वेसण काहीही तुमच्याकडे असेल तर बाजूला काढा. वाळलेल्या खपलीत हा विषाणू महिनाभराहून जास्त टिकू शकतो, हे लोक विसरतात. बैल बरा झाला, गाठी सुकल्या, की लगेच जुंपतात. खपल्या पडून जखमा भरेपर्यंत तो एकटाच राहू दे. शेण रोज लांब टाका, पाणी साचू देऊ नका, तिन्हीसांजेला कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करा. गोचिडाचं औषध डॉक्टरांना विचारून.

लसीबद्दल. ताप नसलेल्या, निरोगी जनावरालाच लस देतात. प्रतिकारशक्ती यायला साधारण तीन आठवडे लागतात. तुमच्या बैलात रोग आधीच मुरलेला असेल तर लस देऊनही तो आजारी पडेल, आणि मग गावात "लसीमुळं झालं" अशी बोंब उठेल. म्हणून डॉक्टरांना सावडीची सगळी हकीकत सांगा आणि निर्णय त्यांना घेऊ द्या. सुई प्रत्येक जनावराला नवी हवी, हे मात्र तुम्ही आग्रहानं बघा. गाईंची लस वर्षाची होत आली असेल तर तेही विचारा. गाभण गाईत या रोगानं गर्भपात होऊ शकतो, म्हणून तिला सगळ्यात लांब, वाऱ्याच्या जागी ठेवा. आईला लस झालेली असेल तर चिकातून वासराला काही महिने आधार मिळतो. म्हशीला हा रोग गाईपेक्षा कमी होतो.

दुधाची भीती. लम्पी माणसाला होत नाही. उकळलेलं दूध प्यायला काही हरकत नाही. काकूंना हे कुणीतरी शांतपणे, समोर बसून सांगायला हवं. अफवेनं दूध बंद पडतं, डॉक्टरच्या कागदानं बहुतेक वेळा चालू राहतं.

आणि सीमेचं. २०२२ मध्ये रोगाच्या जागेभोवती पाच किलोमीटरच्या वर्तुळात लसीकरण केलं जायचं. तुमच्या गावाभोवती असं वर्तुळ काढलं तर निम्मं कागल तालुक्यात जाईल. तुमच्या बाजूची नोंद पलीकडच्या दवाखान्यात आपोआप पोचेल असं धरू नका. भावाला तिकडच्या पशुवैद्यकाला स्वतः कळवायला सांगा. फिरत्या दवाखान्याचा १९६२ हा नंबर दोन्हीकडे लागतो.

ओढ्यापल्याडचा

विड्याची पानं, मिरी, मीठ आणि गूळ वाटून देतात, आमच्या गाईला दिलं होतं. तिनं खाणं सुरू केलं. डॉक्टरांनीही नको म्हटलं नाही.

निवृत्त पशुवैद्यक

द्या, पण इंजेक्शन टाळण्यासाठी नको. या रोगावर विषाणू मारणारं औषध नाही. ताप उतरवणं, सूज कमी करणं आणि जखमांत दुसरा जंतू शिरू न देणं, एवढंच आपल्या हातात असतं. ते वेळेवर झालं तर बरीचशी जनावरं उठतात.

धाग्याची लेखिका

काल संध्याकाळी मामांना घेऊन गेले. आधी कायद्याचं काढलंच नाही. मामा काकांना म्हणाले, "बैल तुझा एकट्याचा न्हवं गा, निम्मा माझा हाय. माझ्या निम्म्याला डॉक्टर बोलवतो." काका बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग मी ओढ्यापल्याडच्या दादांचं सांगितलं, वासराचं. काकू रडायला लागल्या. त्यांनीच आत जाऊन फोन आणला.

आज सकाळी फिरत्या दवाखान्याची गाडी आली. डॉक्टरांनी बैलाला तीन इंजेक्शनं दिली, पाडीलाही तपासलं. तिच्या पोटाखाली दोन सुकलेल्या गाठी निघाल्या, म्हणजे रोग तिच्याबरोबर आला असावा. काकांना ते ऐकून फार लागलं. पीडीओंना लेखी कळवलंय, कन्नड अर्ज वरच्या आळीतल्या बाईंनी लिहून दिला. दुधाचं अजून कळलं नाही. डॉक्टर म्हणालेत, केंद्रावर ते स्वतः बोलतील.

आमच्या बैलाला ताप नाही. १०१.४, वहीत लिहिलंय. डॉक्टरांनी लस पाच दिवस थांबवली आहे. भावाला फोन केला, त्याला वाईट वाटलं, पण यंदा बैल येणार नाही हे मान्य केलं आणि तिकडच्या दवाखान्यात तो उद्या जातोय.

आता एक राहिलं. दोन्ही घरांची मिळून सव्वादोन एकर कोळपण अडली आहे आणि तण गुडघ्याला येईल. बाहेरचा बैल आणायचा नाही हे ठरलं. सायकल कोळपं कुणी वापरलंय का? काळ्या रानात पावसानंतर चालतं का? निपाणी, कागल, गडहिंग्लज भागात भाड्यानं मिळत असेल तर कृपया सांगा. ते दोन्ही घरांत वापरायचं झालं तर मधे कशानं धुवायचं, तेही डॉक्टरांनी सांगावं.